खारफुटी लावण्याआधी

प्रश्न : आमच्या गृहसंकुलातील मंडळी दर पावसाळ्यात नाशिकजवळच्या डोंगरांवर झाडे लावतात. यंदा पालघरच्या किनाऱ्यावर मोकळ्या चिखलात खारफुटीची रोपे लावण्याचा विचार आहे. ती जगतील का? शिवाय नाशिककरांचा समुद्राशी काय संबंध, असेही काही जण विचारतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : संबंध आपल्या जिल्ह्यातूनच वाहतो. त्र्यंबकेश्वर परिसरात उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशातील कोरिंगाच्या खारफुटीपर्यंत जाते आणि तिथलीच वैतरणा पालघरच्या खाडीकाठची तिवरे (खारफुटीचाच एक प्रकार) ओलांडून अरबी समुद्राला मिळते.

रोपांविषयी मात्र सावध राहावे. डोंगरावर मोकळी जागा म्हणजे लागवडीची जागा; खाडीत तसे नसते. मोकळा चिखल बहुधा इतका सखल असतो की तो दिवसातील बराच काळ पाण्याखाली राहतो, आणि तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर येणारी श्वसनमुळे तेथे गुदमरतात. फिलिपिन्समध्ये अशाच सखल जागी मोठ्या प्रमाणावर लावलेली रोपे बहुतांशी मेली. शिवाय तो चिखल ओसाड नसतो. पाणपक्ष्यांचे ते चरण्याचे ठिकाण असते.

जेथे पूर्वी खारफुटी होती आणि नंतर वाळली, तेथे आधी कारण शोधावे. पुष्कळदा बांध, रस्ता किंवा बुजलेली मोरी भरतीचे पाणी अडवत असते. ती वाट मोकळी झाली आणि जवळपास जुनी झाडे असली, तर रोपे लावण्याची गरजही फारशी उरत नाही, कारण कांदळाचे (हाही खारफुटीचाच एक प्रकार) बी झाडावरच रुजते, शेवग्याच्या शेंगेसारखे लोंबते आणि गळून पडल्यावर भरतीबरोबर स्वतःच जागा शोधते. मातृवृक्ष दूर असतील तरच लागवड करावी, तीही त्या खाडीत मुळात असलेल्या जातींची. वादळी लाटांचा जोर कमी करतो तो रुंद, दाट पट्टा. फोटोसाठी लावलेल्या दोन ओळी नव्हेत.

खारफुटीच्या संरक्षणासाठी राज्याचा कांदळवन कक्ष २०१२पासून कार्यरत आहे. त्याच्या परवानगीशिवाय चिखलात उतरू नये. श्वसनमुळांत अडकलेले प्लास्टिक काढण्याचे काम मिळाले, तर तेच आनंदाने करावे. आणि नाशिकहून निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. ऐन भरतीला पोहोचलात, तर तो चिखल दिसायचाही नाही.