थायरॉईड काढल्यावर टीएसएच नॉर्मल असूनही जीव घाबराघुबरा का होतो?

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी थायरॉईड पूर्ण काढलं. टीएसएचचा (थायरॉईडच्या गोळीचा डोस बरोबर आहे का, हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट नॉर्मल, तरी दुपारी छातीत धडधडतं, ओठांभोवती मुंग्या येतात, उगाच भीती वाटते. वय ४६, पाळी मागेपुढे होते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मासे बंद करू का?

ताई, मनाचे खेळ म्हणून हे सोडून देऊ नका. तुम्ही लिहिलेल्यात मला मुंग्यांची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. थायरॉईडला चिकटून पॅराथायरॉईड नावाच्या साधारण चार बारीक ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर कॅल्शियम उतरतं. मग ओठ-बोटांना मुंग्या, हातापायांत पेटके आणि अकारण धास्ती. घोळ असा की घाबरून भराभर श्वास घेतला तरी अश्शाच मुंग्या येतात. त्यामुळे अंदाजावर राहू नका. रक्तातलं कॅल्शियम, अल्ब्युमिन (एक प्रथिन), पीटीएच (पॅराथायरॉईडचं हार्मोन), मॅग्नेशियम आणि व्हिटॅमिन डी एकदा तपासून घ्या. बोटं आखडून वळायला लागली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरं, ‘नॉर्मल’ म्हणजे किती तो आकडा बघा. ऑपरेशन कॅन्सरसाठी झालं असेल तर काही जणांत डॉक्टर गोळीचा डोस थोडा जास्त देऊन टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं त्यामुळेही होतं. तेव्हा आता किती खाली ठेवायची गरज आहे, हे स्पष्ट विचारा. पूर्ण थायरॉईड काढल्यावर लेव्होथायरॉक्सिनचा (थायरॉईड हार्मोनच्या रोजच्या गोळीचा) अंदाज वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १००च्या आसपास. पण हा सुरुवातीचा हिशेब झाला. या गोळीचा अंमल सावकाश चढतो, सावकाश उतरतो, म्हणून डोस किंवा कंपनी बदलली की ६ ते ८ आठवड्यांनीच टीएसएच करायचं. धडधडलं म्हणून आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका. रक्त द्यायच्या दिवशी गोळी नंतर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. उपवासालाही चुकवायची नाही. पावसाळ्यात आपल्याकडे मीठसुद्धा पाझरतं. ही गोळीही ओल, ऊन, उष्णता यांनी उतरते. चुलीवरच्या फळीवर किंवा खिडकीत नको. मूळ बाटलीतच ठेवा आणि झाकण लगेच घट्ट लावा.

४६व्या वर्षी पाळी जाण्याचा काळही सुरू झालेला असू शकतो. छातीतून चेहऱ्याकडे वाफ चढते, दरदरून घाम येतो आणि काही मिनिटांत थंडी वाजते, ही त्याची खूण. त्यासाठी इस्ट्रोजेनची तोंडावाटे घ्यायची गोळी सुरू केली तर थायरॉईडचा डोस वाढवावा लागू शकतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत हव्यात.

दोन आठवडे एक वही ठेवा. धडधडलं की वेळ लिहा, मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करून लिहा; शेजारी मुंग्या, वाफ, घाम, आधी काय खाल्लं-प्यायलं. सकाळी उठल्या उठल्या पडूनच मोजलेली नाडी रोज ९०च्या वर असेल तर आधी डोसकडे बघायला हवं. नाडी अनियमित लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर ईसीजी लगेच.

आणि हे सगळं ठीक निघालं तरी तुमची भीती खोटी ठरत नाही. चिंता हा वेगळा, बरा होणारा आजार आहे. झटका आला की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिनसारखी गोळी दिली तर गुण यायला काही आठवडे लागतात, आणि टीएसएच पुन्हा बघावं लागतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. जगणं नको असं वाटलं तर सकाळची वाट न बघता फोन करा, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.

मासे खा. थायरॉईड पूर्ण काढल्यावर बांगड्यातल्या आयोडीनने ही धडधड वाढत नाही. रेडिओआयोडीनचा (उरलेल्या थायरॉईडच्या पेशी मारणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचा) उपचार ठरला असेल तरच आधीचा आठवडा-दोन आठवडे डॉक्टर मासे आणि आयोडीनयुक्त मीठ बंद ठेवायला सांगतात.