मोहाच्या दिवसांत मस्टर रिकामं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एप्रिलमध्ये रोहयोचं (रोजगार हमी योजनेचं) काम काढलं, पण गोंड टोल्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं, कुणीच आलं नाही. आळस, दुसरं काय? (ग्रामपंचायत सदस्य, पारशिवनी तालुका)

उत्तर : टोल्यावर पहाटे गेला असता तर आळस दिसला नसता. मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये गळतं, ते उन्हं चढायच्या आत वेचावं लागतं. पाठोपाठ तेंदूपत्ता : 70 पानांचा एक पुडा, आणि ते बांधायला म्हातारी माणसंही बसतात. पुडे फळीवर (पानं गोळा करायच्या ठिकाणी) मोजून दिले की हिशेब डोळ्यांसमोर होतो. मस्टरवर, म्हणजे रोहयोच्या हजेरीपटावर, मात्र 18 वर्षांवरचे, जॉबकार्डात नाव असलेलेच. त्यात ॲपवर हजेरीचे दोन फोटो, मध्ये चार तासांचं अंतर. मोह वेचून पहिल्या फोटोनंतर पोचलेल्या बाईचा दिवसच बुडतो. कामं धान कापणीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. तीही लोक बाहेरगावी मजुरीला निघायच्या आधी. नमुना 4 (काम मागणीचा अर्ज) भरून घ्या, तारखेची पोच द्या.

प्रश्न : 2025-26 चा दर 312 रुपये, मग हाती कमी का पडतात? (देवलापार)

उत्तर : खोदकामाची मजुरी मापावर निघते आणि गटाचं माप एकत्र घेतात. कडक मुरूम मऊ माती म्हणून नोंदला की सगळ्यांचेच पैसे कमी होतात. माप घेताना गटातले दोघं हजर राहा, मातीचा प्रकार काय लिहिला ते वाचून घ्या.

प्रश्न : मजुरी जमा झाली म्हणतात, पासबुकात नाही. (रामटेक)

उत्तर : पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना अंगठा दिला आणि पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं, असंही होतं. बँकेत आधार नेऊन ‘एनपीसीआय मॅपिंग कुठल्या बँकेला आहे’, म्हणजे आधारचे पैसे कुठल्या बँकेत वळतात, एवढंच विचारा.

प्रश्न : दिलेलं काम नाकारलं तर नाव कटतं का? (हिंगणा)

उत्तर : नाही. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात तीन महिने बेरोजगार भत्ता थांबतो, काम मागायचा हक्क राहतो. म्हणून कुणी परस्पर तुमच्या नावाने मागणी भरू नये, हे बघा; नाहीतर न मागितलेल्या कामाचा नकार तुमच्या नावावर लागेल. आणि रोपवनाचे खड्डे आपल्याच जबरानजोतीवर (पट्टा नसताना कसत असलेल्या वनजमिनीवर) खोदायचे असतील तर नकार समजण्यासारखा आहे. वनहक्काचा दावा प्रलंबित असल्याचं ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.