कपाट उघडं ठेवणारा उत्सव

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

गणितासोबत ग्रंथालयाचा चार्जही तुझ्याकडे आला आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला काहीतरी मोठं करायचं आहे, हे तू कळवलंस. गणिताच्या बाईला ग्रंथालय कशाला, असं मनात आणू नकोस. डॉ. एस. आर. रंगनाथन हेही आधी गणिताचेच प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिलाच सिद्धांत असा की ग्रंथ वापरासाठी असतात. तुझ्या कार्यक्रमाची परीक्षा याच एका वाक्याने घे. त्या दिवशी पोरांच्या दप्तरातून किती पुस्तकं घरी गेली?

ग्रंथदिंडी मला मनापासून आवडते. लेझीम, पालखी, नऊवारीतल्या मुली, सगळं असू दे. पण पालखीतली पुस्तकं संध्याकाळी पुन्हा कुलपात गेली, तर मिरवणूक तेवढी झाली. पालखी मैदानात उतरव आणि तिथेच देवघेव सुरू कर. टेबल मांड, नोंदवही सातवी-आठवीच्या मुलांच्या हाती दे. मुलं नोंदी नीट करतात, आणि आपल्या वर्गमित्राने काय नेलं हे त्यांना कळलं की तेच पुस्तक मागायला दुसरे चार पोट्टे येतात.

तुझी खरी अडचण मला ठाऊक आहे. पुस्तक हरवलं तर पडताळणीत जबाब तुलाच द्यावा लागणार, म्हणून कपाटाला कुलूप. यात तुझा दोष नाही, पण हे भय घेऊन कुठलाच वाचन सोहळा उभा राहत नाही. आधी हेडसरांशी बोल. फाटलेली-हरवलेली पुस्तकं रीतसर निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, कशी करायची, ते शाळा समितीसमोर ठरवून लेखी घे. माझ्या मते कार्यक्रमाची खरी तयारी हीच. फलक आणि फुगे नंतरचे.

१५ ऑक्टोबर तुझ्या-माझ्या गावात आणखी एका कारणाने अर्थपूर्ण आहे. आदल्याच तारखेला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली. आजही दसऱ्याला तिथे पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. वाचनाचा एवढा मोठा उत्सव आपल्याच शहरात होतो आणि शाळा तो विसरते, याचं मला वाईट वाटतं. तुझ्या वर्गातली किती मुलं घरच्यांसोबत तिथे जात असतील! सुट्टी संपली की त्यांना विचार. त्यांनी आणलेलं पुस्तक परिपाठात दाखवू दे, ते का घेतलं हे सांगू दे. आईवडिलांपैकी कुणी बोलायला तयार असेल तर त्यांनाही बोलाव. प्रमुख पाहुणा शोधत फिरायची गरज पडणार नाही.

आपल्या पोरांच्या घरी मराठीसोबत हिंदी असते, कुठे वऱ्हाडी, कुठे गोंडी. आजीने सांगितलेली गोष्ट मुलाने तिच्याच बोलीत लिहून आणावी. त्या वह्या शिवून, कव्हर घालून, दाखल क्रमांक टाकून कपाटात ठेव. स्वतःची वही ग्रंथालयात आहे म्हटल्यावर ते मूल मित्रांना घेऊन येणारच. शिपाईदादा आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांनाही वाचक म्हणून नोंदवून घे.

१२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, छोटंसं काही कर. मुलांनी कपाटं झाडावीत, पुस्तकं विषयवार लावावीत, एवढं पुरे.

पण माझा सगळ्यात जास्त जोर एप्रिलवर आहे. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. नेमक्या त्याच सुमारास शाळा 'सगळी पुस्तकं जमा करा' म्हणतात. तू उलट कर. प्रत्येक मुलाला सुट्टीसाठी पुस्तकं दे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही, पोरं कूलरसमोर पडून असतात. शिवाय विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. एवढा मोकळा वेळ त्यांना पुन्हा वर्षभर मिळत नाही. देताना मात्र घाई नको. प्रत्येकाला दोन पानं वाचून बघू दे, नाही रुचलं तर बदलू दे. जाड पुस्तक घे म्हणून भरीस पाडू नकोस, आणि परत आल्यावर सारांश तर मुळीच लिहायला लावू नकोस. कुणाला काय आवडलं ते तोंडी विचार, ऐक.

काही पुस्तकं येणार नाहीत. काहींवर आंब्याच्या रसाचे डाग असतील. ती वाचली गेली म्हणून आनंद मान, आणि ओरडू नकोस.

हेडसरांशी काय ठरलं ते कळव. जुन्या पुस्तकांना कव्हरं घालायची असतील तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी येते. खाकी कागद आणि डिंक घेऊन येईन.

तुझी,
बाई