स्मार्ट होममधली जुनी, बंद पडलेली उपकरणं कायमची कशी काढायची? अलेक्सातून डिलीट केली तरी परत येतात.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यावर घर, गेल्या काही वर्षांत बसवलेले वायफाय प्लग, बल्ब आणि बोर्डामागचे स्विच. त्यातले निम्मे ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतात. अलेक्साच्या यादीतून काढले की दोन दिवसांनी पुन्हा हजर. ‘सपरी लाइट’ म्हटलं की त्या नावाच्या दोन वस्तू आहेत म्हणून ती उलट विचारते. मुलानं पुण्याहून येऊन होम असिस्टंट (सगळी उपकरणं एका जागेवरून चालवणारी संगणकावरची प्रणाली) आणि झिग्बीचे (वायफायऐवजी वेगळ्या बिनतारी पद्धतीनं बोलणारे) सेन्सर लावून दिले, त्यातही मेलेली नावं पडून आहेत. शिवाय विहिरीवरचा जुना मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणारं यंत्र, काढायचा आहे.

परत येतात, कारण तुम्ही शेंडा खुडताय आणि मूळ जागेवरच आहे. अलेक्सा स्वतःची यादी ठेवतेच, पण ती भरते स्मार्ट लाइफसारख्या, प्लग-बल्ब ज्यात जोडले त्या ॲपच्या खात्यातून. त्या खात्यात उपकरण जिवंत असेल तर पुढच्या ‘डिस्कव्हर’ला, म्हणजे अलेक्सा उपकरणं शोधते तेव्हा, ते पुन्हा येणारच. म्हणून आधी मूळ ॲप, मग अलेक्सा. आणि जमेल तिथे उपकरण वीजपुरवठ्यावर चालू असतानाच ते काढायचं.

पण काढण्याआधी मेलंय कोण ते नक्की करा. आपल्याकडे ‘ऑफलाइन’ दिसणाऱ्यातली बरीच उपकरणं धडधाकट असतात.

वावरातलं उपकरण बहुतेकदा कृषी फीडरवर असतं. तिथे बऱ्याच ठिकाणी थ्री फेज लाइन दिवसाचे ठरावीक तासच, तीही पाळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. लाइन नसताना ते ऑफलाइन दिसणं हेच बरोबर आहे. पाळी बघून, लाइन असतानाच तपासा.

राउटर बदलला असेल तर सगळ्यात आधी नव्या राउटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तसंच, लहान-मोठी लिपी आणि मधली रिकामी जागा धरून. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा, डब्ल्यूपीए३ नको. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू हवा, कारण हे स्वस्त प्लग-बल्ब ५ गिगाहर्ट्झवर चालत नाहीत. एवढं केलं की बरीच ‘मेलेली’ नावं दहा मिनिटांत आपोआप उठून बसतात. त्यांना डिलीट करून पुन्हा जोडण्याची मेहनत वाचते.

बल्बची गोष्ट वेगळी. बहुतेक स्मार्ट बल्ब तीन ते पाच वेळा पटापट बंद-चालू केले की रीसेट होतात, कंपनीनं सोयच तशी ठेवलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडाला वारा सुटला आणि लाइन चार-पाच वेळा आली-गेली, की बल्बला वाटतं मालकानंच रीसेट मारला. तो जोडणीच्या अवस्थेत जाऊन लुकलुकत राहतो. असा बल्ब फेकू नका, नव्यानं जोडा.

आता जे खरंच काढायचं ते.

पहिलं काम दिनचर्यांचं. स्मार्ट लाइफच्या ‘सीन’मध्ये आणि अलेक्साच्या ‘रूटीन्स’मध्ये ते उपकरण कुठे वापरलंय ते पाहा आणि तिथून काढा किंवा नवं घाला. हे राहिलं तर ‘संध्याकाळी सातला दिवे लाव’ अर्ध्यावर अडकतं आणि दोष नव्या बल्बवर येतो.

मग स्मार्ट लाइफमध्ये ते उपकरण उघडा. वर उजवीकडे पेन्सिलचं किंवा ठिपक्यांचं चिन्ह असतं, त्यात अगदी खाली ‘रिमूव्ह डिव्हाइस’. तिथे दोन पर्याय येतात: नुसतं ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘डिस्कनेक्ट अँड वाइप डेटा’. तेच उपकरण पुढे घरातच दुसऱ्या खोलीत लावायचं असेल तर पहिला पुरतो. विकायचं, कुणाला द्यायचं किंवा भंगारात घालायचं असेल तर दुसराच. ऑनलाइन असताना काढलं तर उपकरण स्वतःही रीसेट होऊन लुकलुकायला लागतं. तीच काम झाल्याची खूण. ऑफलाइन असताना काढलं तर नाव जातं, पण चिपमध्ये तुमचा वायफाय पासवर्ड राहू शकतो. तेव्हा प्लगचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, दिवा जलद लुकलुकेपर्यंत.

त्यानंतर अलेक्सा ॲपमध्ये ‘डिव्हाइसेस’, ते नाव, वरचं दातेरी चाकाचं चिन्ह, मग कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह. झालं. गूगल होम वापरत असाल तर जोडलेल्या ॲपमधलं उपकरण मूळ ॲपमधूनच काढा आणि मग गूगलला ‘सिंक माय डिव्हाइसेस’ म्हणा.

‘सपरी लाइट’ दोनदा दिसण्याचं कारण बहुतेकदा हे: बाजारातली बरीच स्वस्त उपकरणं टुया या एकाच चिनी कंपनीच्या यंत्रणेवर चालतात. स्मार्ट लाइफ हे तिचंच ॲप. बल्ब आधी ब्रँडच्या ॲपमध्ये जोडला होता, नंतर स्मार्ट लाइफमध्ये घेतला, पण अलेक्साला दोन्ही स्किल (त्या-त्या ॲपशी जोडणारे दुवे) चालू राहिल्या आणि जुनं नाव यादीत पडून राहिलं. ‘मोअर’, ‘स्किल्स अँड गेम्स’, ‘युअर स्किल्स’मध्ये जाऊन न वापरती स्किल बंद करा आणि मगच जुनं नाव डिलीट करा. उलट क्रमानं केलं तर फुकट.

एक अडचण शहरातल्या माणसाला सुचणार नाही, खेड्यात मात्र घरोघरी दिसते. तालुक्याहून आलेला इलेक्ट्रिशियन स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खात्यात सगळं जोडतो आणि तुम्हाला नुसतं ‘शेअर’ करून जातो. मग मालक कागदोपत्री तोच. तुम्ही डिलीट केलं तर तुमच्या फोनवरून नाव जातं, त्याच्याकडे राहतंच. त्याला फोन करून त्याच्या ॲपमधून काढायला सांगा, निदान घराची मालकी तुमच्या खात्याकडे वळवायला सांगा. प्लग-बल्ब बटणानं रीसेट करून पुष्कळदा आपल्या खात्यात घेता येतात. कॅमेऱ्याचं तसं नसतं. जुन्या खात्यातून सुटल्याशिवाय तो बहुतेकदा नव्याला धरत नाही, आणि तोवर तुमचं अंगण त्या माणसाच्या मोबाइलवर दिसत असतं. माझ्या मते यादीत पहिला नंबर कॅमेऱ्याचाच लावा. काढताना आतलं मेमरी कार्डही काढून घ्या.

होम असिस्टंट आणि झिग्बी इथे घाई महागात पडते. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘बॅकअप्स’मध्ये जाऊन आधी एक बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या फोनवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा.

झिग्बीमध्ये लाइनवर चालणारे प्लग बहुतेकदा नुसते प्लग नसतात. ते पलीकडच्या सेन्सरचा निरोप पुढे पोचवतात. सपरीतला जुना प्लग उपटला, की त्याच्या मार्फत बोलणारा कोठ्याच्या दाराचा सेन्सर मुका होतो, आणि आपल्याला वाटतं त्याची बॅटरी गेली. काही सेन्सर दुसरा रस्ता आपणहून शोधतात, काही हट्टी असतात. म्हणून आधी नवा प्लग त्याच जागेजवळ जोडा, एक दिवस जाऊ द्या, मग जुना काढा. तरी एखादा सेन्सर गप्प राहिला तर त्याला डिलीट करू नका. ‘परमिट जॉइन’ (उपकरण आत घेण्याची परवानगी) चालू करून, सेन्सर नव्या प्लगजवळ नेऊन, त्याचं बटण पाच सेकंद दाबून पुन्हा जोडा. प्रत्येक झिग्बी उपकरणाचा ६४ बिटांचा पत्ता पक्का असतो, त्यामुळे तो जुन्याच नावानं परत बसतो आणि त्यावरचे ऑटोमेशन शाबूत राहतात.

काढायचंच असेल तर उपकरण जागं पाहिजे. प्लग लाइनवर असला की पुरे, पण बॅटरीवाला सेन्सर झोपलेला असतो. आधी त्याचं बटण एकदा दाबून त्याला उठवा आणि लगेच झिग्बी-टू-एमक्यूटीटीमध्ये (झिग्बीची उपकरणं होम असिस्टंटला जोडणारा प्रोग्राम) ‘रिमूव्ह’ करा. ‘फोर्स रिमूव्ह’ फक्त जळालेल्यासाठी आहे. त्यानं वहीतून नाव खोडलं जातं, उपकरणाला काही कळतच नाही. जिवंत उपकरणावर वापरलं तर ते नंतर अनोळखी आकड्यांच्या नावानं पुन्हा उगवू शकतं.

उरलेली भुतं होम असिस्टंटच्या ‘एंटिटीज’ यादीत, म्हणजे उपकरणांच्या एकेका नोंदीच्या यादीत, सापडतात. ‘अनअव्हेलेबल’ची चाळणी लावा. पण दिसतंय ते सगळं सरसकट निवडून उडवू नका, लाइन गेलेल्या वावरातल्या वस्तूही त्यात असतात. डिलीटचं बटण दाबताच येत नसेल तर ते नाव कुठलं तरी इंटिग्रेशन (होम असिस्टंटला उपकरणं जोडणारा दुवा) अजून पुरवतंय असं समजा आणि आधी तिकडे काढा. एमक्यूटीटीवरून (उपकरणांचे निरोप पोचवण्याची पद्धत) आलेलं नाव प्रत्येक रीस्टार्टला परत येत असेल तर ब्रोकरमध्ये, म्हणजे निरोप वाटणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्याचा ‘रिटेन’ केलेला, म्हणजे जपून ठेवलेला, निरोप राहिलाय. एमक्यूटीटी एक्सप्लोरर या प्रोग्राममध्ये तो टॉपिक (निरोपाचा पत्ता) शोधून रिकामा करा. आणि नव्या उपकरणाला जुन्याचाच एंटिटी आयडी दिला तर त्या आयडीवर बांधलेले ऑटोमेशन हात न लावता चालतात. डिव्हाइस निवडून बांधलेले मात्र दुरुस्त करावे लागतात.

बोर्डामागचा मॉड्यूल, म्हणजे तो स्मार्ट स्विच, काढताना मेन स्विच पाडला म्हणजे काम झालं असं धरू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर एकाच बोर्डात दोन लाइनी येतात, आणि मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर उलट चालू होतो. तोही बंद करा, आणि प्रत्येक तारेला टेस्टर लावून बघा. मॉड्यूलवर साधारण फेज आत, न्यूट्रल आत, दिव्याला जाणारी तार आणि स्विचच्या दोन बारीक तारा असतात. तोडण्याआधी फोटो काढा. काढल्यावर फेज स्विचच्या एका टोकाला, दिव्याची तार दुसऱ्या टोकाला. मॉड्यूलसाठी ओढलेला न्यूट्रल उघडा सोडू नका, कनेक्टरमध्ये बंद करा. पूर्वीच्या मिस्त्रीनं फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर स्विच बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो, हे टेस्टरनंच कळेल.

विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर. पेटीत थ्री फेज आहे, तिथे वायरमनच लावा. पण काय करायचं ते त्याला सांगता आलं पाहिजे. या यंत्राची एक जोडी हिरव्या बटणाला समांतर जोडलेली असते, ती नुसती काढली तरी चालते. दुसरी जोडी लाल बटणाच्या ओळीत, म्हणजे मालिकेत असते. यंत्र काढून या दोन तारा सुट्या सोडल्या तर कॉइलचा रस्ताच तुटतो, हिरवं बटण दाबून मोटार उचलत नाही, आणि स्टार्टर जळाला म्हणून माणूस नवा आणतो. त्या दोन तारा एकमेकींना जोडून टेप मारला की जुनं स्टार्टर पूर्ववत चालतं. त्या यंत्रात ड्राय रन (पाणी संपलं) किंवा सिंगल फेज (एखादा फेज गेला) झाल्यावर मोटार बंद करण्याची सोय असेल तर तीही जाते, तेव्हा तेवढं संरक्षण वेगळं बसवा, नाहीतर उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की मोटार कोरडी फिरेल.

सिम काढण्याआधी त्या यंत्रातले नोंदवलेले नंबर पुसा. कसे, ते कंपनीच्या पत्रकात दिलेलं असतं, बहुतेक एसएमएसनं होतं. विकलेल्या स्टार्टरमध्ये तुमचा नंबर राहिला तर नवा मालक बसवेल तिथली मोटार तुमच्या मिस्ड कॉलवर सुरू होऊ शकते. नवं यंत्र घेताना २जीवर चालणारं असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे २जी नाहीच.

काढलेल्या सेन्सरमधले बटण सेल आणि कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या वेगळ्या करा. फुगलेली बॅटरी टोचू नका, टिनाच्या छपराखाली ठेवू नका, मे महिन्यात तिथे ती तापते. उकिरड्यावर किंवा कचऱ्यासोबत जाळायला तर मुळीच नको. काढलेल्या उपकरणांना ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं होईल तेव्हा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे हे एकदम द्या. तोवर कोरड्या जागी, बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा.