मेंदूच्या स्कॅनवरून स्ट्रोकच्या उपचाराचा परिणाम आधीच सांगता येतो का?

स्ट्रोकच्या रुग्णाचा स्कॅन पाहून उपचाराचा परिणाम संगणकाला आधीच सांगता येत असेल, तर डॉक्टरांनी त्यावरूनच निर्णय का घेऊ नये, असे आपण विचारले आहे. मी मेंदूच्या प्रतिमांच्या विश्लेषणाचे काम करतो. रुग्ण कितपत बरा होईल हा एक प्रश्न आणि उपचारामुळे त्याच्या स्थितीत किती फरक पडेल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो.

गुठळीमुळे मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यावर पहिल्या काही तासांत साध्या सीटी स्कॅनवर फार थोडे दिसते. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट होते, इन्सुला या मेंदूच्या आत दडलेल्या भागाची बारीक पट्टी हरवल्यासारखी वाटते, एवढेच. ‘ॲस्पेक्ट्स’ या मोजपट्टीत मेंदूच्या मधल्या धमनीच्या क्षेत्राचे १० भाग कल्पून, बिघडलेल्या प्रत्येक भागामागे १० मधून एक गुण वजा करतात. मात्र एकाच स्कॅनला दोन अनुभवी तज्ज्ञांनी वेगवेगळे गुण देणे मुळीच दुर्मीळ नाही. संगणक निदान तोच स्कॅन पुन्हा दिल्यावर आपले मत बदलत नाही. (ते मत बरोबरच असते, असे मात्र नव्हे.)

मेंदूत रक्त कुठे किती पोहोचते हे दाखवणाऱ्या परफ्यूजन स्कॅनमध्ये रक्तप्रवाह नेहमीच्या ३० टक्क्यांहून कमी झालेला भाग बहुधा गेलेला मानतात, तर रक्त पोहोचायला ६ सेकंदांहून अधिक उशीर होणारा भाग धोक्यात असलेला, पण वाचवता येण्याजोगा मानतात. या दोन्हींतील तफावत पाहून निवडलेल्या रुग्णांवर झालेल्या डीफ्यूज ३ चाचणीत (२०१८) झटक्यानंतर ६ ते १६ तासांत गुठळी काढली, तेव्हा ९० दिवसांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारे रुग्ण ४५ टक्के होते. केवळ औषधोपचार मिळालेल्यांत ते प्रमाण १७ टक्के होते.

आता दुसरी बाजू पाहा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिलेक्ट २ चाचणीत मेंदूचा मोठा भाग आधीच बाधित झालेले रुग्ण मुद्दाम घेतले होते. गुठळी काढूनही त्यांतले सुमारे २० टक्केच स्वावलंबी झाले, म्हणजे ‘परिणाम वाईट होईल’ असे भाकीत पाचपैकी चार वेळा खरे ठरले असते. पण गुठळी न काढलेल्यांत हे प्रमाण ७ टक्केच होते! भाकीत अचूक असूनही, त्याच्या आधारे उपचार नाकारणे चुकीचे ठरले असते.

शिवाय रुग्णाचे वय, आधीची प्रकृती, रक्तवाहिनी प्रत्यक्षात किती उघडली, नंतर न्यूमोनिया झाला का, फिजिओथेरपी वेळेवर सुरू झाली का, यांतले बहुतेक काही त्या पहिल्या स्कॅनमध्ये नसतेच. त्यामुळे एखादे सॉफ्टवेअर ‘चांगल्या परिणामाची शक्यता २० टक्के’ असे दाखवते, तेव्हा ही शक्यता गुठळी काढल्यास की न काढल्यास, हे मी आधी विचारतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवलेले नसतील, तर उपचार नाकारण्यासाठी त्या २० चा मला काही उपयोग नसतो.