बंद दगडखणीतला भराव आणि प्रस्तरारोहकांचा हक्क

करवीर तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे : गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खणीत आमचा गट वीस वर्षांहून अधिक काळ प्रस्तरारोहणाचा सराव करतो. कातळात आम्ही स्वखर्चाने दोर अडकवण्याचे बोल्ट मारले आहेत, गावातल्या मुलांनाही शिकवतो आणि आजवर कुणीही हरकत घेतलेली नाही. दिवाळीनंतर मात्र रात्री टिपर येऊन राडारोडा व मुरूम ओततात. खण बुजवून प्लॉट पाडणार असल्याचे कानावर येते. सरपंच म्हणतात जागा गायरान आहे, शेजारचे शेतकरी म्हणतात खासगी आहे. इतक्या वर्षांच्या वापराने आमचा हक्क तयार झाला आहे का, आणि भरावाला स्थगिती मिळेल का?

स्थगिती मिळू शकते. परंतु ती तुमच्या वापराच्या हक्कावर मिळेल असे मला वाटत नाही, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यास चांगले प्रकरणही वाया जाईल. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ मध्ये वीस वर्षांच्या (सरकारी जमिनीच्या बाबतीत तीस वर्षांच्या) अखंड वापराने हक्क मिळण्याची तरतूद आहे खरी, पण सुविधाधिकार हा कलम ४ नुसार एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. तुमच्या गटाची लगत जमीन नाही, त्यामुळे वीस काय, चाळीस वर्षे चढाई केली तरी हा हक्क तयार होत नाही. मालकाने आजवर अडवले नाही याचा अर्थ फार तर त्याची मूक परवानगी होती एवढाच निघतो. परवानाधारकाने खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले असल्यास परवानगी मागे घेता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ६० सांगते आणि कातळातले बोल्ट पाहून कुणी तुम्हाला हा मुद्दा सुचवेलही. पण ते काम परवानगीच्या आधारावर झालेले असावे लागते, आणि तुमच्याकडे कागदाचा एक चिटोराही नाही. या मुद्द्यावर दावा उभा करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

खरा प्रश्न असा आहे की हा भराव टाकण्याची परवानगी कुणी, कुणाला आणि कोणत्या अटींवर दिली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास’ या संज्ञेत केवळ इमारत येत नाही, तर जमिनीवरील अभियांत्रिकी स्वरूपाची कामे, जमिनीच्या वापरातील ठळक बदल आणि भराव घालून जमीन तयार करणे हेही येते. खण बुजवून प्लॉट पाडायचे असतील तर नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागणार, यात मला शंका नाही. तुमचे गाव २०१७ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांत येत असेल तर तक्रार तेथे करावी, अन्यथा जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवानगी नसल्यास कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस काढण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, आणि तुमच्या अर्जात नेमकी हीच मागणी असावी.

त्याआधी जमीन कोणाची, हे कागदावर ठरवा. ऑनलाइन सातबारा पाहून थांबू नका. जमिनीच्या गटाचा (गट क्रमांकाचा) नकाशा, जुने फेरफार आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंदी काढा, कारण खाणपट्टा (दगड काढण्याचा भाडेपट्टा) कधी, कुणाला आणि किती क्षेत्रापुरता दिला होता याचा माग तेथे लागू शकतो. सरपंच आणि शेतकरी दोघेही बरोबर असण्याची शक्यता मला बरीच वाटते. दगड काढणारा गटाची हद्द पाहून सुरुंग लावत नाही. खण पुष्कळदा दोन गटांत पसरलेली असते, आणि तुमची चढाईची भिंत एका गटात तर टिपर जिथे रिकामा होतो तो खणीचा तळ दुसऱ्या गटात असू शकतो. म्हणून ग्रामपंचायतीला भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करायला सांगा. यातला काही भाग गायरान निघाला तर तुमची बाजू एकदम भक्कम होते : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२-क ने गायरानाचा वापर बदलण्यावर कडक बंधन घातले आहे, आणि गावच्या सामाईक जमिनी खासगी हातात जाऊ देऊ नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालात ठामपणे सांगितले आहे. अशा जागेवर खासगी प्लॉट पाडणे कायद्यात बसत नाही.

ओतला जाणारा माल काय आहे, यावरही बरेच अवलंबून आहे. मुरूम किंवा माती असेल तर ते गौण खनिज आहे. स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याचा आणि वाहतुकीचा परवाना नसल्यास महसूल संहितेच्या कलम ४८(७) व ४८(८) खाली दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त करता येते. तहसीलदारांना हा अधिकार वापरायला वेळ लागत नाही, फक्त तक्रारीत टिपरचा क्रमांक, तारीख आणि वेळ हवी. पाडकामाचा राडारोडा असेल तर त्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र केंद्रीय नियम आहेत, आणि तो वाटेल तिथे ओतता येत नाही. ढिगात काळी, जळकट वासाची वाळू दिसते का, हे मात्र दिवसाउजेडी नीट पाहा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात फौंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आहेत, आणि साच्यांत वापरून झालेली वाळू पाणी साठलेल्या खणीत पडत असेल तर प्रश्न तुमच्या सरावापुरता राहत नाही, आसपासच्या विहिरींचा होतो. जलप्रदूषण अधिनियम, १९७४ च्या कलम २४ चा तो भंग ठरेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडे पाण्याचे नमुने घेण्याची लेखी मागणी करा आणि त्या अर्जावर शेतकऱ्यांच्याही सह्या घ्या.

फोटो आणि व्हिडिओ ज्या मोबाइलवर काढले तो मोबाइल विकू नका, त्यातील मूळ फाइल पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (डिजिटल पुराव्यासोबत लागणारे) प्रमाणपत्र देताना त्यांची गरज लागेल. टिपरसमोर आडवे मात्र होऊ नका. रस्ता अडवल्याचा गुन्हा तुमच्यावर नोंद झाला की पुढची सगळी चर्चा त्याचीच होते, आणि शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक मागे सरतात.

जमीन पूर्णपणे खासगी निघाली, मालकाने रीतसर परवानगी घेतली आणि भरावही स्वच्छ असला, तर कोणतेही न्यायालय केवळ चढाईसाठी त्याला अडवणार नाही. हे ऐकायला कठोर आहे, पण तुम्ही त्याची तयारी ठेवली पाहिजे. तशा स्थितीत मालकाशी बोलणी हाच मार्ग उरतो, आणि ती कोर्टकज्जा सुरू होण्याआधी झालेली बरी. बहुतेक मालकांना भीती असते ती अपघाताची : उद्या कुणी पडले तर दावा आपल्यावर येईल. म्हणून आधी गटाची संस्था म्हणून नोंदणी करा, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार लागणारी नोंदणी पूर्ण करा, विमा काढा, आणि मालकाला नुकसानभरपाईची हमी देणारा लेखी परवाना करार पुढे ठेवा. त्यात भिंतीचा नेमका भाग, वरून दोर लावण्यासाठी माथ्यावरची पट्टी आणि मुदत स्पष्ट लिहा. ‘भिंत ठेवतो, तळ थोडा भरून घेतो’ असा प्रस्ताव आला तर घाईने होकार देऊ नका. कच्च्या भरावाने खालचे बोल्ट गाडले जातात, उरलेल्या बोल्टांची जमिनीपासूनची उंची बदलते, आणि बिले देणाऱ्याच्या (खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या) पायाखालची जमीन पावसाळ्यात खचते. भराव भिंतीपासून किती अंतरावर थांबणार, हे नकाशावर आखून त्यावर सही घ्या.

जमीन सरकारी निघाल्यास ग्रामसभेचा ठराव घेऊन ती जागा खेळाच्या वापरासाठी राखून ठेवण्याची मागणी करा. विकास आराखडा लागू असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आणि प्रादेशिक योजना लागू असेल तर कलम २० खाली तसा फेरबदल होऊ शकतो. याला वेळ लागतो, म्हणून भराव थांबवण्याचे काम त्याच्यावर सोडू नये.

अर्जांना दाद न मिळाल्यास ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे जनहित याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र आधी संबंधित अधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती का, हे तेथे पहिल्यांदा विचारले जाईल. शेतकऱ्यांसह दिवाणी न्यायालयात जायचे असेल तर सार्वजनिक उपद्रवाचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली, न्यायालयाच्या परवानगीने, दोन किंवा अधिक व्यक्तींना करता येतो, आणि त्यासाठी स्वतःचे वेगळे नुकसान दाखवावे लागत नाही. पाणी दूषित झाल्याचे दिसले तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्यातील पश्चिम विभागीय पीठ मला अधिक योग्य वाटते. तेथे त्या न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४ खालील अर्जाची मुदत वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. तुमच्या बाबतीत ही मुदत पहिल्या टिपरपासून मोजली जाण्याचा धोका आहे. माहिती अधिकारात भरावाच्या परवानगीची प्रत आजच मागा, पण त्या उत्तराची तीस दिवस वाट पाहताना ही मुदत थांबत नाही.