आधी ओरड, मग भांड

अरे, काल दोनापावलाला शिडाच्या बोटींच्या शर्यतीनंतर तू किनाऱ्यावर येऊन तासभर वाद घातलास, पण पाण्यात तोंडातून 'प्रोटेस्ट' (म्हणजे समोरच्या बोटीने नियम मोडल्याची तक्रार) हा शब्द काढला नाहीस. तिथेच सगळं फसलं. घटना घडली की शक्य तितक्या लगेच हाच शब्द मोठ्याने ओरडायचा; 'ओ भाऊ, काय करतोस!' चालत नाही. तुझी लेझर बोट सहा मीटरपेक्षा लहान, म्हणून तक्रारीचा लाल झेंडा लागत नाही. मोठ्या बोटीला लागतो.

मग लेखी अर्ज. सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (त्या शर्यतीच्या लेखी सूचनांत) वेगळी मुदत नसेल तर शेवटची बोट फिनिश झाल्यापासून दोन तास. आधी भजी-पाव खात बसलास की गेली मुदत! सुनावणीत नकाशा काढ: वारा कुठून, कोण कुठल्या टॅकवर (म्हणजे वारा बोटीच्या कुठल्या बाजूने घेत होता), अंतर किती बोटींच्या लांबीचं. पोर्टवाल्याने (वारा डावीकडून घेणाऱ्याने) स्टारबोर्डला (उजवीकडून घेणाऱ्याला) वाट द्यायची, एवढं बरोबर. पण तुझा हक्क असला तरी शक्य असेल तर टक्कर टाळायचीच.

आणि चूक आपली असेल तर लगेच बाजूला होऊन, शिक्षा म्हणून बोट एकाच दिशेने गोल फिरवून दोन फेऱ्या मार. मी पहिल्या वर्षी अहंकारापायी त्या मारल्या नाहीत आणि सुनावणीत डिस्क्वालिफाय झालो.